कणगीतला मका साध्या वाऱ्यावर वाळवताना

विट्याच्या आजूबाजूला पोल्ट्र्या भरपूर, त्यामुळं मक्याला गिऱ्हाईक दारात येतं. पण ते आधी मूठभर दाणे नाकाशी धरतं. माझा पहिल्या वर्षीचा मका त्या वासावरच नाकारला गेला.

परतीच्या पावसात सापडलेला मका मळून मी तसाच कणगीत काठोकाठ भरला होता. दिवसभर ब्लोअर, रात्री बंद आणि वरून ताडपत्री. खालचा दाणा दाताखाली कटकन फुटायचा, म्हणून निर्धास्त होते. गिऱ्हाईक गेल्यावर कणगीत उतरले आणि कोपरापर्यंत हात घातला. वरचा वीतभर थर कोमट, दाण्यांची ढेकळं झालेली, आंबूस वास, मधेमधे हिरवट बुरशी. त्याखालचा मका मात्र थंड आणि सुटा.

वारा खालून येतो, त्यामुळं वाळण्याची सुरुवात तळापासून होते आणि ती हळूहळू वर सरकते. सगळ्यात शेवटी वाळतो तो वरचा थर. त्याला मी ताडपत्रीखाली कोंडलं होतं. आता तपासायचं ते वरूनच, आणि वर काही झाकायचं नाही. छपराखालच्या खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर ओल बाहेर जाणार कुठून?

आमची कणगी पत्र्याची, आठ फूट व्यासाची, तळाला जाळीचा पत्रा. पाच फूट थर भरला की साधारण 50 क्विंटल मका बसतो. त्याहून उंच भरू नका, वारा वर पोचत नाही. ब्लोअर घेताना क्विंटलला किमान चार सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट वारा) धरा. मी आठ धरले, कारण आपल्याकडं ऑक्टोबरची ऊब असते आणि ओल्या मक्याला ती सोसत नाही. दुकानदार मोकळ्या हवेतला आकडा सांगतो. मक्याच्या थरातून ढकलताना वारा घटतो, तो किती, हे त्याला आधीच विचारा.

सालं काढलेली कणसं आधी खळ्यावर उन्हात वाळवा. दाण्यातली ओल 18 टक्क्यांच्या आसपास आली की मळा आणि चाळून भरा. चाळण्याचा कंटाळा करू नका. तूस आणि कणी कणगीच्या मधोमध साचते, तिथं वारा शिरत नाही आणि नेमका तिथंच मका तापतो. भरून झाल्यावर ही कणी निघावी म्हणून मी तळाच्या मधल्या तोंडातून दोन-तीन पोती काढून घेते आणि वरचा थर फावड्यानं सपाट करते.

शेतीची लाईट कधी दिवसा तर कधी रात्री, म्हणून ब्लोअर सिंगल फेजवर, घरच्या मीटरला जोडलाय. वरचा थर 15 टक्क्यांवर येईपर्यंत तो रात्रीही चालू. "रात्रीच्या दमट हवेनं मका परत ओला हुईल की गं," असं आण्णा (माझे सासरे) म्हणायचे. तळाला थोडी ओल धरते खरी, पण वरचा मका थंड राहतो, आणि ते जास्त गरजेचं. नंतर मात्र सकाळी दहा ते दिवस मावळेपर्यंतच. हवेतली आर्द्रता 65 टक्के असेल तर मका साधारण 13 टक्क्यांपर्यंत उतरतो. 90 असेल तर 19 च्या आसपासच अडकतो. भिंतीवरचा स्वस्तातला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) एवढ्यासाठी पुरतो.

तपासणी मिठानं. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मका आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल अजून 15 च्या वर आहे. विकण्याआधी व्यापाऱ्याकडच्या मीटरवर खात्री करून घ्या.

आम्हाला साधारण दोन आठवडे लागतात. 50 क्विंटल मका 18 वरून 13 वर येताना जवळपास 287 लिटर पाणी उडून जातं, म्हणजे वजन 47 क्विंटलच भरतं. भाव ठरवताना ही घट आधी मांडा. आणि बुरशीचा मका निघालाच तर तो गुरांनाही घालू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) दुधात उतरतं. माझी ती ढेकळं मी बांधापलीकडं खड्डा काढून पुरली.