स्पर्धेच्या नाटकाआधीची आमची यादी

गणपती गेले की आमच्या गावात दोन माणसं मोकळी होतात: मूर्तिकार आणि भजनी मंडळाचा पखवाजवाला. आमच्या नाट्यसंस्थेची यादी म्हणूनच संहितेपासून सुरू न होता या दोघांपासून सुरू होते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात लागतात, म्हणजे हातात दोन-अडीच महिने. त्यात रत्नागिरी जिल्ह्यात राहायचं म्हणजे पंधरा-वीस दिवस भातकापणीत गेलेच. यंदा पहिल्यांदा स्पर्धेत उतरणाऱ्या शेजारच्या गावच्या मंडळींनी विचारलं, म्हणून डोक्यातलं कागदावर उतरवतोय.

आधी एक दोनशेपानी वही घ्या आणि पहिल्या पानावर गावात कुणाला काय येतं ते लिहा. मूर्तिकार फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातल्या कापडी-लाकडी भिंती, रंगवतो. ओल आलेल्या भिंतीचे पोपडे त्याच्यासारखे दुसऱ्या कुणाला जमत नाहीत. नमनात, म्हणजे आमच्या कोकणी लोकनाट्यात, गवळण नाचणारा पोरगा स्टेजवर कसं उभं राहायचं ते न शिकवता जाणतो. सुतार, शिंपी, मंडपवाला आणि उच्चार तपासायला शाळेतल्या मराठीच्या बाई, ही सगळी नावं त्या पानावर हवीत. एका संस्थेने सगळं नेपथ्य शहरातून भाड्याने आणलेलं मी पाहिलंय. बक्षीस मिळालं त्यांना. पण पुढच्या वर्षी पैसे नव्हते आणि गावात फ्लॅट ठोकता येणारा माणूसही तयार झालेला नव्हता. ते नाटक तिथेच थांबलं.

मग संहिता. लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी हवी, फोनवरचं 'करा हो' चालत नाही. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतात. गडकरी १९१९ साली गेले, देवल १९१६ साली, त्यांचं नाटक खुशाल करा. अत्रे १९६९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या नाटकाला २०२९ संपेपर्यंत परवानगी लागणारच. नवीन संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचा, दाखला वेळेत मिळवा आणि त्याच्या तीन झेरॉक्स तीन वेगळ्या माणसांकडे ठेवा. दाखला मिळाल्यावर तालमीत सुचलेले 'चमकदार' संवाद घुसवू नका. स्पर्धेची नियमपत्रिका मोठ्याने सगळ्यांसमोर वाचा. कंटाळवाणं काम आहे, तरी वाचा.

नट निवडताना आवाजाच्या आधी कामाची पाळी विचारा. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर असताना पुण्याच्या पीडीए या हौशी नाट्यसंस्थेत नाटकं करायचे, पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली. नोकरी सांभाळून नाटक करण्यात कमीपणा काही नाही, पण कुणाची रात्रपाळी कधी, कुणाच्या खाचरात कापणी कधी, हे वहीत हवं. तालीम रात्री साडेआठला, शाळेच्या वर्गात. मुली आणि काकू घरी कशा पोचणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा. 'बघू' म्हणून सोडलंत तर तिसऱ्या आठवड्यात भूमिका रिकामी होते आणि दोष त्या मुलीवर येतो. प्रॉम्प्टर पहिल्या वाचनापासून बसवा आणि प्रत्येक मोठ्या भूमिकेला एक जण पाठांतर करून तयार ठेवा.

नाट्यगृह मोजायला स्वतः जा. रंगमंचाची रुंदी, खोली, विंगांमधली जागा, सगळं टेपने मोजा आणि तेवढंच माप वर्गात खडूने आखून तालीम करा. आम्ही हे सगळं केलं होतं. प्रयोगाच्या सकाळी टेम्पो मागच्या दाराशी लागला, पोरांनी सहा फुटी लेव्हल, म्हणजे रंगमंचावर मांडायचा लाकडी चौथरा, उचलली आणि ती दारात अडकली. आडवी केली, तिरकी केली, कोपऱ्यावरचा रंग खरवडून निघाला. सुताराने खिशातून पेन्सिल काढली, कानामागे लावली आणि शांतपणे विचारलं, "दार मोजलं होतं का कुणी?" रंगमंच मोजला होता, दार नाही. मग अंगणातच लेव्हल मधोमध कापली आणि आत नेऊन पट्ट्या मारून जोडली. दुसऱ्या अंकात त्यावर पाय पडला की ती कण्हायची. तेव्हापासून आमची एकही वस्तू चार फुटांहून रुंद नसते आणि जोड बोल्टने असतात, खिळ्याने नाहीत.

दिव्यांचं गणित लिहूनच करा. हजार वॉटचे बारा हॅलोजन स्पॉट म्हणजे बारा किलोवॉट, म्हणजे ५० अँपिअरच्या वर. देवळाच्या साध्या लाइनवर ते ओढत नाही. उघड्यावर प्रयोग असेल तर जनरेटर सांगा, नाहीतर एलईडी पारवर, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या एलईडीच्या स्टेज दिव्यांवर, भागवा. चेहऱ्यावर हॅलोजनची ऊब येत नाही ही माझी तक्रार आहे, पण अंधारापेक्षा बरं. संगीत दोन पेन ड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपचं इंटरनेट बंद ठेवा. आवाज उशिरा लागून नटाने फोन उचलल्यावर घंटा वाजली की हशा हमखास, आणि गंभीर प्रवेशात तो हशा फार महाग पडतो.

५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. १८४३ साली त्या तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. आम्ही रंगीत तालीम त्याच दिवशी सभामंडपात ठेवतो, गावासमोर, तिकीट नाही, माइक नाही. मागच्या रांगेतल्या आजीबाई "काय म्हणाला गो तो?" असं शेजारणीला विचारतात तिथे वहीत खूण करा. त्या खुणांइतकं परीक्षकही सांगत नाहीत.

सामानाच्या पेटीत काय असावं ते थोडक्यात: सेफ्टी पिना, सुईदोरा, दाढीमिशा चिकटवायला स्पिरिट गम, दिव्यांपुढे लावायचे रंगीत जिलेटिनचे तुकडे, इन्सुलेशन टेप, अंधारात जागा सापडायला रेडियमची पट्टी, हातोडी, इस्त्री, खडीसाखर, नारळ. दारूच्या ग्लासात कोरा चहा, तोही गाळलेला. पत्ती तरंगली की पहिल्या रांगेला दिसते. विंगेत एका टेबलावर वस्तूंची जागा खडूने आखा आणि तिथे एकच माणूस उभा करा. तिसऱ्या घंटेनंतर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, दिग्दर्शकानेसुद्धा.

पडदा पडल्यावर फोटो दहा मिनिटं, मग सेट उतरवायला सगळे, नायिकाही. पुढच्या संस्थेचा टेम्पो बाहेर उभा असतो. वहीचं शेवटचं पान उसनवारीचं: पितळी तांब्या कुणाचा, आरामखुर्ची कुणाची, नऊवारी कुणाच्या आईची. साडी धुऊन, इस्त्री करून द्यायची, खुर्चीची कापडी पट्टी फाटली असेल तर नवी घालून. निकाल लागायच्या आत ते पान खोडून झालेलं असलं पाहिजे. आमचं गेल्या वर्षीचं एक नाव अजून खोडायचंय. तांब्याला पोचा आलाय आणि तांबटाला अजून वेळ मिळालेला नाही.