गॅरेजच्या दाराला नवा रिमोट आणि कीपॅड कसा जोडावा

नवा रिमोट हातात घेऊन दारासमोर उभं राहायचं आणि बटणं दाबत बसायचं, असं करणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता फोनवर मी पहिला प्रश्न एकच विचारतो : दार उघडणाऱ्या मशीनखाली शिडी लावली आहे का? नसेल, तर अजून कामाला सुरुवातच झालेली नाही.

आजच्या बहुतेक रिमोटना काही शिकवायचं नसतं. रिमोट कारखान्यातूनच स्वतःचा नंबर घेऊन येतो. शिकायचं असतं ते छताला टांगलेल्या मशीननं. ‘हा नंबर ओळखीचा, याच्यासाठी दार उघड’ हे त्याच्या मेमरीत बसवणं, एवढंच हे काम आहे. ही गोष्ट डोक्यात पक्की असली की पुढचा अर्धा गोंधळ होतच नाही.

रिमोटमध्ये सेल नवा टाका, दाराखाली गाडी, सायकल, मूल, मांजर काही नको, आणि चढायला हलणारं स्टूल घेऊ नका.

मशीन कोणत्या पिढीचं आहे ते बघा

जुन्या रिमोटचं मागचं झाकण उघडा. आत बारीक स्विचची ओळ दिसली, तर ती ठरावीक कोडची जुनी पद्धत. रिमोटमधले स्विच आणि मशीनमधले स्विच सारखे वर-खाली केले की काम झालं. पण माझं मत विचाराल तर तिथे नवा रिमोट घेऊच नका, रिमोटचा संदेश पकडणारा रिसीव्हर बदला. आठ स्विच म्हणजे फक्त २५६ कोड, बारा म्हणजे ४०९६. सॅमी कामकार या सुरक्षा संशोधकानं २०१५ साली मुलांच्या संदेश पाठवायच्या एका खेळण्यात फेरफार करून हे सगळे कोड दहा सेकंदांच्या आत हवेत सोडून दाखवले होते. असं कुलूप घराला लावून झोप कशी येते, मला कळत नाही.

स्विच नसतील तर बहुधा रोलिंग कोड. यात प्रत्येक वेळी बटण दाबलं की कोड बदलतो, म्हणून वापरलेला कोड कुणी हवेतून टिपून ठेवला आणि नंतर वाजवला तरी दार उघडत नाही. याच कारणामुळे किल्ली बनवून द्यावी तसा ‘डुप्लिकेट रिमोट’ देणारी स्वस्त कॉपी यंत्रं इथे उपयोगाची नाहीत. ती ठरावीक कोडची नक्कल करतात. रोलिंग कोडची नक्कल झाल्यासारखं दुकानात दाखवतात आणि घरी आल्यावर रुसतात.

चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर या कंपन्यांच्या मशीनांवर, नवा रिमोट ओळखवायचं जे ‘लर्न’ बटण असतं, त्याच्या रंगावरून पिढी कळते. हिरवं म्हणजे १९९० च्या दशकातलं, ३९० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचं, रोलिंग कोड येण्याआधीचं. लाल किंवा नारिंगी म्हणजे ३९० मेगाहर्ट्झचंच, पण रोलिंग. जांभळं म्हणजे ३१५. पिवळं म्हणजे २०११ पासूनची नवी पद्धत, जी ३१०, ३१५ आणि ३९० अशा तिन्ही मेगाहर्ट्झवर बोलते. इतर अनेक मशीनं ४३३.९२ किंवा ८६८ मेगाहर्ट्झवर चालतात. रिमोट विकत घेण्याआधी बटणाचा फोटो काढा आणि मशीनच्या लेबलावरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. पाकिटावर ‘युनिव्हर्सल’ लिहिलंय म्हणून घेऊन आलेले रिमोट माझ्याकडे एक खोका भरून पडले आहेत. मेगाहर्ट्झ जुळले तरी कोडची भाषा जुळली नाही तर मशीन ढिम्म हलत नाही.

लर्न बटण : इथेच सगळे अडकतात

बटण मोटरच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला असतं. पुष्कळदा दिव्याच्या काचेखाली दडलेलं, आणि जवळच अँटेनाची एक बारीक वायर लोंबत असते. बटणावर ‘लर्न’ किंवा ‘प्रोग्राम’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. शेजारी शेंगदाण्याएवढा एक दिवा.

बटण दाबायचं आणि लगेच सोडायचं. टिचकी मारल्यासारखं. हे मी इतकं ठासून का सांगतोय ते ऐका.

या कामात नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका घरात दोन गाड्या, चार रिमोट आणि बाहेर आकडे दाबून दार उघडायचा एक कीपॅड. मला बोलावलं होतं पाचवा रिमोट जोडायला. शिडीवर उभा, एक हात बल्बच्या तापलेल्या काचेपासून जपत मी दुसऱ्या हातानं बटण दाबलं. दिवा लागला. वाटलं, नीट दाबलं गेलं नसेल, म्हणून अंगठा तसाच दाबून धरला. दिवा विझला. मग पुन्हा टिचकी, मग नवा रिमोट, आणि दार झोकात उघडलं. मी सामान आवरून निघून आलो. संध्याकाळी त्या घरातल्या आजींचा फोन : ‘अहो, बाकी एकही रिमोट चालत नाहीये, आणि सूनबाई गाडी घेऊन बाहेर उभी आहे.’ झालं होतं असं, की बटण सहा सेकंद दाबून धरलं की त्या बोर्डाची सगळी मेमरी पुसली जाते. चारही रिमोट गेले, कीपॅडही गेला. मशीननं मला सांगितलंही होतं, दिवा विझवून. मला ती खूण माहीत नव्हती.

तेव्हापासून मी शिडीवर चढण्याआधी घरातले सगळे रिमोट गोळा करून मागतो. ‘एक ऑफिसमध्ये आहे’ असं उत्तर आलं, तर त्याच्यासाठी नंतर परत यावं लागेल हे आधीच सांगून टाकतो. तुम्हीही तसंच करा. चूक झालीच तर एकेक करून पुन्हा जोडता येतात, फक्त समोर हवेत.

बटण सोडल्यावर दिवा सुमारे तीस सेकंद जागा राहतो. त्या वेळात नव्या रिमोटचं बटण दाबायचं आणि मशीनचा मोठा बल्ब लुकलुकेपर्यंत धरून ठेवायचं. बल्ब लुकलुकला म्हणजे ओळख झाली. आता इथे दुसरा सापळा. बल्ब उडालेला असेल तर लुकलुकणार काय? माणसं ‘काहीच झालं नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा तेच करत राहतात. बल्ब नसेल तर कान द्या, आतून दोनदा टिक टिक ऐकू येतं. काही कंपन्यांच्या मशीनना नव्या रिमोटचं बटण थांबून थांबून दोन-तीनदा दाबावं लागतं. मॅन्युअल हरवलं असेल तर आधी एकदा धरून बघा, नाही झालं तर पुढच्या खेपेला दोनदा दाबा.

तीस सेकंद हा वेळ शिडीवर फार कमी वाटतो. म्हणून रिमोट खिशात ठेवून चढू नका, हातातच धरा. आणि एका वेळी एकच रिमोट. ‘दोन्ही एकदम शिकवून टाकतो’ म्हणणाऱ्यांना मी दहा मिनिटांनी पुन्हा शिडीवरच पाहिलंय.

जोडून झाल्यावर शिडीवरून उतरा, दहा-बारा मीटर लांब जा आणि तिथून दाबून बघा. मशीनखाली उभं राहून चालला म्हणजे चालला असं नसतं.

कीपॅड

कीपॅडही याच बटणानं जोडला जातो. लर्नला टिचकी, मग तीस सेकंदांत बाहेर जाऊन चार आकडी पिन टाकायचा आणि एंटर बल्ब लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. पिन आधी वेगळा ‘सेट’ करावा लागतो असं समजून लोक तासभर घालवतात. तसं काही नाही, मशीन पिन आणि कीपॅड एकाच वेळी ओळखतं. दोन माणसं असली तर बरं : एकानं वर टिचकी मारून ‘हं’ म्हणायचं, दुसऱ्यानं बाहेर पिन टाकायचा.

कीपॅड जमिनीपासून किमान दीड मीटरवर बसवा, लहान मुलांच्या हाताबाहेर आणि दार जिथून डोळ्यांना दिसतं अशा जागी. पिनमध्ये घराचा नंबर किंवा जन्मसाल नको, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी तेच टाकतात. आणखी एक, जे फार कुणी बघत नाही : चार-पाच वर्षांत ठरावीक चार बटणांवरचे आकडे घासून पुसट होतात, बाकीची सहा कोरी करकरीत राहतात. मग चोराला फक्त क्रम शोधायचा उरतो, आणि चार वेगळ्या आकड्यांचे क्रम अवघे चोवीस. बटणं अशी दिसू लागली की पिन बदला. बऱ्याच कीपॅडवर जुना पिन टाकून हॅशचं बटण दाबून धरायचं, कीपॅड लुकलुकला की नवा पिन आणि एंटर.

गाडीतली बटणं

इथे नियम उलटा होतो, म्हणून हुशार माणसंही फसतात. होमलिंकसारखी गाडीतली बटणं कोरी असतात, त्यांना आधी रिमोटकडून शिकावं लागतं आणि मग मशीनला त्यांच्याकडून. रिमोट गाडीच्या बटणापासून दोन-तीन बोटांवर धरा, दोन्ही बटणं एकदम दाबून ठेवा आणि गाडीतला दिवा सावकाश लुकलुकण्यावरून भराभर लुकलुकू लागला की सोडा. ठरावीक कोडवाल्यांचं काम इथे संपलं. रोलिंगवाल्यांनी आता मशीनच्या लर्नला टिचकी मारायची आणि तीस सेकंदांत गाडीतलं बटण दोन-दोन सेकंद, दोन-तीन वेळा दाबायचं. एकट्यानं शिडीवरून गाडीपर्यंत धावू नका. कुणालातरी गाडीत बसवा.

गाडी जुनी विकत घेतली असेल तर आधी बाहेरची दोन बटणं दिवा लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून आधीच्या मालकाची मेमरी पुसा. तुमची स्वतःची आधीची बटणं मात्र याच झटक्यात जातात. काही जुन्या गाड्या पिवळ्या बटणाच्या मशीनशी थेट बोलूच शकत नाहीत, मध्ये एक जुळवणी यंत्र लागतं. तिथे तासन्‌तास बटणं दाबून उपयोग नाही.

तरीही चालत नसेल तर

आधी भिंतीवरचं पॅनल बघा. त्यावर कुलपाचं चिन्ह असलेलं बटण असतं आणि चुकून दाबलं गेलं की सगळे रिमोट बंद, भिंतीवरचं बटण मात्र चालू. नेहमीची खूण हीच. कितीतरी वेळा मी येऊन ते एक बटण दाबलंय आणि चहा पिऊन परत गेलोय.

रिमोट फक्त जवळूनच चालत असेल आणि मशीनमध्ये नुकताच एलईडी बल्ब लावला असेल, तर बल्ब काढून लांबून दाबा. काही एलईडी बल्ब रेडिओ गोंगाट करतात आणि त्यात रिमोटचा आवाज बुडतो. बल्ब काढल्यावर चालला तर दोष तिथेच. अँटेनाची वायर कुणी ‘नीटनेटकी’ म्हणून गुंडाळून टेपनं चिकटवली असेल तर सोडवून सरळ खाली लोंबू द्या. तिची लांबी मोजून ठरवलेली असते, कापू तर अजिबात नका.

चालणारा रिमोट अचानक एकदा दाबून दाद देईना, पण दोनदा दाबल्यावर चालला, तर तो बिघडलेला नाही. एखाद्या मुलानं घरात बसून तो खेळवलाय. कीलॉक नावाच्या पद्धतीच्या रोलिंग कोडमध्ये रिमोटचा आकडा दर दाबाला एकनं पुढे सरकतो, मशीनला ऐकू आलं असो वा नसो. आकडा सोळा घरांपर्यंत पुढे गेलेला असेल तर मशीन मुकाट मान्य करतं. त्याहून पुढे गेला तर लागोपाठचे दोन कोड ऐकल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. दोनदा दाबा आणि विसरा, पुन्हा शिडी काढायची गरज नाही.

रिमोट हरवला किंवा गाडीसकट चोरीला गेला, तरच लर्न बटण मुद्दाम दिवा विझेपर्यंत दाबून धरायचं. त्या वेळी उरलेले सगळे रिमोट आणि कीपॅड खाली एका डब्यात जमवून ठेवलेले असावेत, आणि ज्याच्या हातात तो डबा असेल त्यानं एकेक वर द्यावा.