वर्कस्टेशनला नेटवर्क किती लागतं? आधी काम बघा

नेटवर्कच्या कामात नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अकाउंट्सला किती एमबीपीएस द्यायचे आणि डिझाइनला किती? मी त्यांना आधी त्या माणसाशेजारी खुर्ची ओढून बसायला सांगतो. तो दिवसभर काय उघडतो, फाइल कुठून येते, कुठे ताटकळतो, हे पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

फोनचंच घ्या. जी.711 कोडेकचा (आवाजाचं डेटात रूपांतर करणाऱ्या पद्धतीचा) कॉल इथरनेटवर एका दिशेला जेमतेम 87 केबीपीएस खातो. पण आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.114 शिफारशीप्रमाणे आवाज एका दिशेला 150 मिलिसेकंदांच्या आत पोचायला हवा. जिटर, म्हणजे पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पोचण्याच्या वेळेतला चढउतार, 30 मिलिसेकंदांच्या आणि पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या पॅकेटांचं प्रमाण, एका टक्क्याच्या खाली ठेवावं, असं सर्वसाधारणपणे धरतात. हे बिघडलं तर कितीही मोठी लाइन असो, बोलणं तुटतच राहणार. व्हिडिओ एडिटरचं गणित वेगळं. 10 जीबीची फाइल गिगाबिटवर (1000 एमबीपीएसवर) साधारण दीड मिनिटात उतरते, 100 एमबीपीएसवर पंधरा मिनिटं लागतात. तिथे बँडविड्थ हवीच.

सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे शेअर्ड फोल्डरमधून चालणारी जुनी सॉफ्टवेअर. एक स्क्रीन उघडायला ती सर्व्हरला शेकडो बारीकसारीक विनंत्या पाठवतात, आणि एकीचं उत्तर आल्याशिवाय पुढची निघत नाही. समजा, अशा 2000 विनंत्या आहेत. ऑफिसात विनंती जाऊन उत्तर परत येण्याच्या एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे सगळं मिळून एक सेकंद. तोच माणूस घरून व्हीपीएनवर (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणीने) आला आणि फेरी 40 मिलिसेकंदांची झाली, की तीच स्क्रीन 80 सेकंद घेते. इथे लाइनचा स्पीड दुप्पट करून काहीही फरक पडत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर सर्व्हरजवळच चालवून माणसाला रिमोट डेस्कटॉप (दूरच्या मशीनची फक्त स्क्रीन इथे दाखवणारी सोय) द्यावा, हेच माझं ठाम मत आहे.

तक्रार आली की आधी लिंक स्पीड बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. कनेक्टरमधली एक जोडी सैल असली तर बरीच नेटवर्क कार्डं मुकाट्याने 100 एमबीपीएसवर उतरतात. दिवा लागलेला असतो, इंटरनेट चालू असतं, म्हणून महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. जागेवरून न हलणाऱ्या मशीनला केबलच द्या, वायफायची हवा सगळ्यांत वाटली जाते. अपलिंकही, म्हणजे स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन, तपासा: चोवीस गिगाबिट पोर्टांमागे एकच गिगाबिट अपलिंक असेल, तर गर्दीच्या वेळी तिथेच रांग लागते.

मोजताना सर्व्हरपर्यंत आयपर्फ हे स्पीड मोजणारं टूल चालवा. मग मोठा अपलोड सुरू ठेवून बाहेरच्या पत्त्यावर पिंग करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहा. रिकाम्या लाइनवर 10 मिलिसेकंद दाखवणारा पिंग भरलेल्या लाइनवर 300 वर गेला, तर राउटरमध्ये पॅकेट तुंबताहेत. अशा वेळी आधी क्यूओएस (कुठल्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी राउटरची सेटिंग) नीट लावून पाहा, मोठी लाइन घ्यायची की नाही ते त्यानंतर ठरवा.