आकार नव्हे, कृती उचला: कसुती आणि रांगोळीतून डिजिटल चित्राची कल्पना कशी शोधावी

संगणकावर चित्र काढणाऱ्याने 'काही सुचत नाही' अशी तक्रार केली की सल्ला ठरलेला असतो: इंटरनेटवर भरपूर चित्रे पाहा, आवडतील ती साठवा, त्यांतून काहीतरी सुचेल. सुचतेही, पण ते साठवलेल्या चित्रांसारखेच असते, कारण तीच चित्रे त्याच आठवड्यात आणखी हजारो जण साठवत असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्याने या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही. आपल्याकडे घरातल्या जुन्या इरकली साडीवर कसुती, म्हणजे धागे मोजून केलेले भरतकाम, असते, दारात ठिपक्यांची रांगोळी असते आणि वडगाव-खासबागेत अजून माग चालू असतात. हे तिन्ही प्रकार मोजून केले जातात, आणि संगणकालाही शेवटी मोजण्यापलीकडे काही येत नाही. चित्रकला आणि तंत्रज्ञान यांची गाठ तिथे पडते, आणि कल्पना शोधायची ती त्याच जागी.

वस्तू निवडणे

एकच वस्तू निवडा, ती मोजून केलेली असावी आणि ती करणारी व्यक्ती तुम्हाला भेटू शकेल अशी असावी.

ही शेवटची अट अनेकांना जाचक वाटते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) हाकेच्या अंतरावर असताना साडी कशाला शोधायची, असे विचारले जाते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये बांधलेल्या या बस्तीच्या छतावरचे ७२ पाकळ्यांचे कमळ विलक्षण आहे, यात वाद नाही. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले प्रत्येकी २४ तीर्थंकर, असा त्या आकड्याचा अर्थ लावला जातो. पण त्या शिल्पकाराला 'आधी काय आखलेत?' असे विचारता येत नाही. ते कमळ दुसऱ्या कामासाठी राखून ठेवा. पहिल्या कामाला जिवंत माणूस हवा, त्याचे कारण पुढे येईलच.

फोटो

कापड सपाट पसरून, मोबाइल त्याच्याशी समांतर धरून, खिडकीतल्या तिरप्या उजेडात फोटो काढा. रुंद कोनाची लेन्स वापरू नका, तिने कडेच्या सरळ रेघा वाकतात आणि नंतर घरे, म्हणजे धाग्यांच्या चौकटी, मोजताना डोके फिरते. कापडाच्या कडेला मोजपट्टी ठेवा. मागच्या बाजूचाही फोटो काढा, कारण कसुतीत मागची बाजू निम्मे रहस्य सांगते. फोटो व्हॉट्सॲपने पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर टाके एकमेकांत मिसळून जातात. एवढे पुरे.

नियम काढणे

खरे काम या पायरीवर आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक लेख नेमके इथेच एका ओळीत पुढे सरकतात. 'फोटो सॉफ्टवेअरमध्ये घ्या, ट्रेस करा, रंग भरा' असे त्यांत लिहिलेले असते. इंकस्केपसारख्या मोफत प्रणालीत आपोआप रेघा काढून देण्याची सोय आहे आणि ती चांगलीही आहे, पण या कामासाठी तिला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रेस केलेल्या रथाच्या नक्षीत रथाचा आकार तेवढा येतो. तो रथ कोणत्या टाक्यापासून सुरू झाला, सुई कुठे वळली, कुठे परत फिरली, हे सगळे गळून पडते, आणि नेमके तेच तुम्हाला हवे होते. या टप्प्यावर मीही बराच काळ अडकून होते. कसुतीचे गोपूर, पालखी, हत्ती सगळे पडद्यावर उतरत होते, पण ते कॅलेंडरवरच्या सजावटीच्या पलीकडे जात नव्हते. मार्ग सापडला तो साडी भरणाऱ्या अक्कांशेजारी बसल्यावर. मी नक्षीकडे पाहत होते आणि त्या म्हणाल्या, "चित्र काय बघतेस गं, आधी धागे मोज की."

कसुतीत परंपरेने कापडावर आधी काही आखत नाहीत. ताणा-बाण्याचे, म्हणजे उभे-आडवे, धागे मोजूनच टाका पडतो. तिचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मुरगी पायऱ्यापायऱ्यांनी चढते, नेगी विणकामासारखी दिसते, मेंथी हा फुलीचा टाका. डिजिटल कामासाठी सर्वांत श्रीमंत आहे ती गवंती. तीत सुई एक टाका वर, एक टाका खाली अशी पुढे जाते, त्यामुळे जाताना रेघेचे निम्मे तुकडे वर दिसतात आणि उरलेले निम्मे कापडाच्या मागे पडतात. परतीच्या वाटेवर ती राहिलेल्या मोकळ्या जागा भरत येते, आणि दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसते. गाठ मारायची नसते. प्रत्येक रेघेवरून सुई बरोबर दोनदा जात असल्यामुळे, नक्षी सलग असेल तर, ती कितीही फाटे फुटलेली असली तरी जिथून निघाली तिथेच परत येऊन पोचू शकते. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा अभ्यासणाऱ्या गणितातल्या आलेख-सिद्धांतात हीच गोष्ट सिद्ध करून दाखवता येते, आणि आपल्याकडच्या बायका ती हातांनी करत आल्या आहेत.

आता हा नियम हातात घेतला की काय काय सुचते ते पाहा. जातानाचे टाके एका रंगात आणि परतीचे दुसऱ्या रंगात दाखवले की जी नक्षी साडीवर एकरंगी दिसते तिच्यात एक नवीच लय दिसू लागते. दोन पडदे शेजारी ठेवून एकावर कापडाची पुढची आणि दुसऱ्यावर मागची बाजू दाखवली, तर डावीकडे जी जागा मोकळी असते तीच त्या क्षणी उजवीकडे भरलेली असते. फाटा आला की आधी तो पुरा करून यायचे, की सरळ पुढे जाऊन परतताना तो भरायचा, हा निर्णय बदलला तर शेवटी नक्षी तीच राहते, पण ती घडण्याचा क्रम संपूर्ण बदलतो. म्हणजे एकाच वृंदावनाच्या नक्षीतून अनेक चलचित्रे निघतात. यातले एकही केवळ फोटो पाहून सुचले नसते.

नियम काढताना तीन गोष्टी कागदावर लिहा, आणि त्या पूर्ण वाक्यांत लिहा. सुरुवात कुठून होते? काय, किती घरांनी पुन्हा येते? आणि काय चालत नाही? तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे आणि तोच सगळे वगळतात. कसुतीत सुई धागा चिरून उतरत नाही, गाठ चालत नाही, मागे दोरा लोंबत ठेवलेला चालत नाही. ही बंधने कापडाकडे कितीही वेळ पाहिले तरी दिसत नाहीत, ती करणाऱ्या व्यक्तीलाच विचारावी लागतात. जिवंत माणूस हवा असे मी म्हणाले ते यासाठी. भेटीला जाताना वही न्या आणि मोबाइल पिशवीत ठेवा. तुम्ही चित्रीकरण सुरू केलेत की समोरची व्यक्ती नीटनेटके करून दाखवू लागते, आणि तिच्या चुका कशा दुरुस्त होतात ते तुम्हाला कधीच कळत नाही.

लिहिलेला नियम बरोबर आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. तो फोनवरून कोणाला तरी वाचून दाखवा आणि त्यांना चौकटीच्या कागदावर काढायला सांगा. नक्षी ओळखू येण्याइतकी जमली तर नियम पक्का. रांगोळीची भाषा या कसोटीला आधीपासूनच उतरते. '१५ ते ८' एवढे म्हटले की आपल्याकडे कोणालाही कळते: मधली ओळ १५ ठिपक्यांची, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी, शेवटची ओळ ८ ची, आणि ठिपके एकाआड एक. यातून १६९ ठिपक्यांचा षटकोन तयार होतो. संगणकाला हेच सांगायचे तर ओळीचा क्रमांक उणे ७ पासून ७ पर्यंत फिरवायचा, १५ मधून त्या क्रमांकाचे चिन्ह सोडून राहिलेले मूल्य वजा करायचे आणि तेवढे ठिपके मध्यावर जुळवून मांडायचे. दोन ओळींमधले अंतर दोन ठिपक्यांमधल्या अंतराच्या ०.८६६ पट ठेवले की शेजारचे सगळे ठिपके एकमेकांपासून सारख्या अंतरावर येतात. तमिळनाडूतल्या कोलम या रांगोळीवर १९७० च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच विचार केला आणि त्या नक्षींचे व्याकरण संगणकशास्त्राच्या भाषेत मांडले.

मागाचे तर विचारूच नका. मागावर नक्षी विणणारी जॅकार्ड यंत्रणा १८०४ ची आहे, आणि तिच्या पुठ्ठ्यावरचे प्रत्येक छिद्र 'हा धागा उचल' एवढेच सांगते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेर. खासबागेत एखाद्या मागावर अशा पुठ्ठ्यांची माळ दिसली, तर विणकराच्या सवडीने ती सावकाश फिरताना पाहा. नक्षी आधी पुठ्ठ्यावर वाचण्याचा प्रयत्न करा, मगच कापडाकडे वळा.

इथे अलीकडचा एक सल्ला निकालात काढायला हवा. 'कृत्रिम बुद्धिमत्तेला कसुती शैलीतले चित्र मागा, ती कल्पना देईल' असे आता सर्रास सांगितले जाते. माझ्याकडे येणारी मुले अशी चित्रे आणतात, तेव्हा मी त्यांना सुईदोरा देते आणि त्यातला एक कोपरा भरायला सांगते. तो भरता येत नाही, कारण घरे जुळत नाहीत आणि रेघा मधेच हवेत सुटलेल्या असतात. दिसायला भरतकाम, करायला गेले तर अशक्य. त्या यंत्राने आकारांची सरासरी काढलेली असते, त्यामागची कृती त्याने पाहिलेलीच नसते. नियम हातात आल्यानंतर हवे तर त्याची मदत जरूर घ्या, आधी नको.

नियम मोडणे

नुसता नियम पाळला तर साडीची नक्कल तयार होते, आणि साडी त्यापेक्षा सुंदर असते. म्हणून एकच बंधन निवडायचे आणि तेवढेच थोडे ढिले करायचे. परतीच्या वाटेवरचे काही टाके सुटले तर? दर ओळीला ठिपक्यांमधले अंतर किंचित वाढत गेले तर? एका वेळी दोन बंधने मोडू नका, कोणत्या बदलामुळे काय झाले ते मग उमगत नाही.

हंगेरीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहिलेल्या व्हेरा मोल्नार (१९२४–२०२३) यांचे काम या संदर्भात अवश्य पाहावे. १९५९ पासून त्या 'काल्पनिक यंत्र' मानून नियमाबरहुकूम हाताने चित्रे काढत होत्या आणि प्रत्यक्ष संगणक त्यांच्या हाती आला तो १९६८ मध्ये. एकात एक बसवलेल्या चौकोनांच्या शिस्तीत त्या थोडीशीच अव्यवस्था सोडत. ते 'थोडीशीच' महत्त्वाचे आहे. नवशिक्या माणूस हाती यदृच्छा (रँडम) संख्या, म्हणजे संगणकाने वाटेल तशा निवडलेले आकडे, आल्या की सगळेच विस्कटून टाकतो आणि त्याला मुक्त आविष्कार म्हणतो. मूळ नियम पाहणाऱ्याला अजून जाणवत असेल तोवरच तो मोडल्याची मजा असते.

सॉफ्टवेअर

याची चर्चा गरजेपेक्षा फार होते. कोड लिहायचा असेल तर पी-फाइव्ह जेएस मोफत आहे आणि ब्राउझरमध्ये चालते. मोबाइलवरही चालते, फक्त टंकन जिवावर येते. कोड नको असेल तर क्रिटा घ्या. त्यातल्या रॅप-अराउंड सोयीने एका चौकटीत काढलेली रेघ सगळीकडे पुन्हा उमटताना लगेच दिसते.

दोन सूचना मात्र कटाक्षाने पाळा. यदृच्छा संख्या वापरत असाल तर रँडमसीड, म्हणजे त्या संख्यांचा क्रम ठरवणारा सुरुवातीचा आकडा, ठरवून द्या आणि तो आकडा फाइलच्या नावात लिहा, नाहीतर आवडलेले चित्र पुन्हा कधीही मिळणार नाही. दुसरे, कापडाचे उभे आणि आडवे धागे सारख्या दाटीचे नसतील तर घर चौरस नसते. मोजपट्टी फोटोत ठेवायला सांगितली ती यासाठीच: एका इंचात उभे किती आणि आडवे किती धागे बसतात ते मोजून पडद्यावरच्या घराची लांबी-रुंदी त्याच प्रमाणात ठेवा.

दाखवणे आणि नाव देणे

पहिले पूर्ण झालेले काम जिच्याकडून नियम शिकलात तिला दाखवा, आणि मोबाइलवर न दाखवता छापून न्या. ३०० डीपीआयला छापलेल्या ए-थ्री कागदावर घरे मोजता येतात आणि ती मोजतेच. ती ज्या जागी बोट ठेवून 'हे असं होत नाही' म्हणेल, ती जागा तुम्ही जाणूनबुजून मोडलेली आहे की नकळत चुकलेली, याचे उत्तर तुमच्याकडे तयार हवे. उत्तर नसेल तर ती जागा दुरुस्त करा.

काम प्रदर्शनात किंवा विक्रीला जाणार असेल, तर तिची परवानगी घेऊन तिचे नाव आणि गाव तुमच्या नावाच्या बरोबरीच्या अक्षरांत द्या, आणि पैशांचे आधीच बोलून घ्या. कापडावर नक्षी छापून घेणार असाल तर त्या कापडाला कसुती म्हणून विकू नका. कसुतीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती सुईने भरलेली असते, छापलेल्या नक्षीला 'कसुतीवर आधारित' एवढेच म्हणता येते.