पर्शियन मांजर पाळताय? या चुका टाळा

गेली अनेक वर्षे माझ्या घरी पर्शियन मांजरे आहेत. त्यामुळे नाशिकमधल्या सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंतच्या ओळखीपाळखीच्या लोकांचे मला फोन येतात, आणि त्यांतले बहुतेक केसांविषयीच असतात. पाठीवरून ब्रश फिरवला, केस चकाकले, म्हणजे विंचरणे झाले, असा लोकांचा समज असतो. पर्शियनचा कोट दुहेरी असतो. वर लांब केस आणि त्यांच्याखाली कापसासारखी दाट लव. ब्रश वरच्या केसांवरून घसरत जातो आणि लव आत गुंतत राहते. हा गुंता पाठीवर क्वचितच होतो. तो होतो कानांमागे, काखेत, पोटाखाली आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, म्हणजे नेमका जिथे मांजर हात लावू देत नाही आणि मालकालाही कंटाळा येतो तिथे. पाहता पाहता त्याच्या जटा होतात. सिंहस्थात रामकुंडावर येणाऱ्या साधूंना जटा शोभतात. मांजराच्या काखेतली जट मात्र प्रत्येक पावलाला कातडी ओढते.

यापुढची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. शेवंती ही माझी पहिली पर्शियन. एका दिवाळीत पाहुण्यांच्या गडबडीत आठ दिवस तिला कंगवा लागला नाही आणि भाऊबीजेच्या सकाळी तिच्या डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुपारी बहीण जेवायला येणार होती. तिच्यासमोर मांजर नीटनेटके दिसावे, एवढ्यासाठी मी शिवणाची कात्री घेतली, गाठ चिमटीत धरून वर ओढली आणि मुळाशी कात्री चालवली. शेवंती ओरडलीही नाही. हातातून निसटून पलंगाखाली गेली. माझ्या चिमटीत उरलेल्या पुंजक्याच्या टोकाला नखाएवढी गुलाबी कातडी होती. ओवाळणीचे तबक तसेच राहिले आणि मी टोपली घेऊन डॉक्टरांकडे धावलो. पाच टाके पडले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी शेवंतीच्या मानेवरची कातडी दोन बोटांत उचलून दाखवली आणि म्हणाले, ‘‘बघा, किती पातळ आणि सैल आहे. तुम्ही गाठ ओढली की तिच्याबरोबर कातडीचा तंबू उभा राहतो. केस कुठे संपले, ते कात्रीला कसं कळणार?’’

तेव्हापासून माझ्या घरात मांजराला कात्री लागत नाही. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे, आधी रुंद दात्यांचा आणि मग बारीक दात्यांचा स्टीलचा कंगवा, तोही काखेपासून सुरू करून, कारण पाठ शेवटी राहिली तरी काही बिघडत नाही. लहान गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकावे, मुळाशी केस बोटांत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ कातडीवर येत नाही, आणि टोकाकडून थोडे थोडे सोडवावे. कातडीला चिकटून बसलेली जट डॉक्टरांकडे नेऊन मशीननेच काढून घ्यावी. गुंता सोडवण्याआधी आंघोळ कधीही घालू नये. ओल्या लोकरीची घोंगडी होते तशी ती गाठ आवळून बसते. आणि ‘उन्हाळा आला, सगळेच केस भादरून टाकू’ म्हणणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे की, रोज दहा मिनिटे द्यायची नसतील तर आखूड केसांचे गावठी मांजर आणावे. तेही गुणी असते.

दुसरी चूक मांजर घरी येण्याआधीच होते. मोबाइलवर फोटो पाहायचा, ‘पंच फेस, ट्रिपल कोट’ ही अक्षरे वाचायची आणि पैसे पाठवून मोकळे व्हायचे. तिहेरी कोट असा काही प्रकार नसतो. तो विकणाऱ्याचा शब्द आहे. चेहरा जितका चपटा तितके मांजर अस्सल, हाही गैरसमजच आहे. चेहरा फार चपटा असला की अश्रुनलिका वाकडी होते, डोळे सतत पाझरतात आणि श्वासाला अडथळा येतो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा असे मांजर तोंड उघडून धापा टाकू लागते. कुत्र्यात जे नेहमीचे, ते मांजरात धोक्याचे लक्षण आहे.

पैसे देण्याआधी पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी आणि आईबापांच्या मूत्रपिंडांच्या तपासणीचा कागद मागावा. पर्शियन वंशात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार, म्हणजे पीकेडी, बराच आढळतो. आईबापांपैकी एकात दोष असला तरी प्रत्येक पिल्लात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. तो जनुकीय चाचणीत कळतो, आणि मांजर मोठे झाल्यावर सोनोग्राफीतही दिसतो. कागदाचा विषय काढताच विकणारा चिडला, तर मी तिथून उठतो. पाच आठवड्यांचे पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून गळ्यात मारणाऱ्यांकडूनही घेऊ नये. बारा आठवड्यांपर्यंत पिल्लू आईजवळ राहिले की शी-शूसाठी ट्रे वापरणे, नखे आवरणे आणि भावंडांशी वागणे तिथेच शिकून येते. पहिली लस साधारण आठव्या आठवड्यात असते. पुढच्या मात्रांच्या तारखा लिहून ठेवाव्यात, त्या लक्षात राहत नाहीत.

दूध-पोळीवर मांजर जगते, असे आजीच्या काळापासून ऐकत आलो आहोत. पण आजीचे मांजर दिवसभर उंदीर मारत होते. टॉरिन हे अमिनो आम्ल कमी पडले की मांजराच्या हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये दाखवून दिले गेले. ते मांसातून मिळते, पोळीतून नाही. कुत्र्याचे खाद्यही मांजराला पुरत नाही. खाद्य बदलायचे असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावे. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये, कारण दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू शकते.

घरातली पॅरासिटामॉल अर्धी करूनही देऊ नये. ते मांजराला विष आहे. कुत्र्याची गोचीड पावडर मांजरावर वापरू नये, तिच्यातले परमेथ्रिन जीव घेऊ शकते. डोळ्यांतले पाणी रोज ओल्या कापसाने टिपावे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. आणि बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो, कण्हतो, पण लघवीचा थेंबही पडत नाही, असे दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये; त्याच रात्री डॉक्टर गाठावा.