बेसॉल्टच्या गावातून शेलकडे

नाशिकच्या पोराने भूविज्ञान घेतलं की आधी काही वर्षं त्याला काळा पाषाणच दिसतो. पांडवलेणी घ्या, रामशेज घ्या, सगळा बेसॉल्ट. त्याच्या पोकळीत झिओलाइट सापडलं की आम्ही हरखायचो. शेल, म्हणजे चिखल दाबून झालेला पापुद्र्यांचा खडक, पहिल्यांदा हातात आला तो थेट एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला. म्हणून ज्युनिअर विचारतात, "दादा, इथे राहून सरोवरी शेल कसा समजणार?", तेव्हा मी त्यांना मे महिन्यात गंगापूर धरणाच्या ओसरलेल्या काठावर पाठवतो. खुरप्याने गाळ कापा, पापुद्रे मोजा, वरची भुरी साय काढली की खालचा काळपट चिखल हुंगा. तो कुजका वास म्हणजे ऑक्सिजन संपल्याची खूण. खोल सरोवराच्या तळाशी हेच होतं आणि शेवाळ पुरतं न कुजता गाडलं जातं; पुढे त्याचंच तेल होतं. राजस्थानातल्या बाडमेर खोऱ्यात अशाच सरोवरी शेलनी तेल पुरवलं. २००४ साली सापडलेल्या मंगला क्षेत्राचं तेल इतकं मेणचट, की ते तापवलेल्या पाइपलाइनने न्यावं लागतं.

नवे लोक टीओसीवर, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बनवर, भाळतात. मीही भाळलो होतो. समजा एका नमुन्याचा टीओसी ४ टक्के आणि एस-२, म्हणजे नमुना तापवल्यावर त्यातल्या सेंद्रिय पदार्थातून सुटणारे हायड्रोकार्बन, आहे ८ (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम खडक). दुसऱ्याचा २ टक्के आणि १२. एस-२ ला टीओसीने भागून शंभरने गुणा: हायड्रोजन इंडेक्स, म्हणजे त्या कार्बनमधून किती तेल निघू शकेल याचं माप, २०० आणि ६००. दोघांची परिपक्वता, म्हणजे उष्णतेने तेल बनण्याकडे झालेली वाटचाल, सारखीच कमी असेल, तर निम्मा कार्बन असलेला दुसराच तेलाला सरस. पहिल्यात काठावरून वाहून आलेला झाडपाला जास्त, दुसऱ्यात शेवाळ. सरोवरात हा फरक काही मीटरच्या जाडीतही पडतो, कारण पाणी चढतं-उतरतं आणि काठ सरकतो. विहिरीतून एकच नमुना उचलून निकाल देऊ नका.

माझी फजिती सेमिनारमध्ये झाली. एका नमुन्याचा एस-१, म्हणजे त्यात आधीच मोकळं असलेलं तेल, भरघोस होता, मी ऐटीत लिहिलं, "तेलनिर्मिती झालेली". टीमॅक्स, म्हणजे एस-२ सर्वाधिक सुटतं ते चाचणीतलं तापमान, मात्र ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास. ऑइल विंडो, म्हणजे तेल बनण्याचा टप्पा, साधारण ४३५ अंश टीमॅक्सला सुरू होते. सरांनी एवढंच विचारलं, "ड्रिलिंगला मड कोणतं होतं?" मड, म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत सोडतात तो द्रव, तेलयुक्त होतं. सॉल्व्हंटने धुऊन पुन्हा चालवला, तर एस-१ जवळजवळ गायब! तेव्हापासून आलेखाआधी मी विहिरीचा अहवाल वाचतो.

शेललाच भेगा पाडून थेट त्यातून तेल काढायचं असेल तर चिकणमातीचं प्रमाणही बघा. सरोवरी शेलमध्ये ती पुष्कळदा जास्त असते, मग खडक तडकण्याऐवजी दबतो. नोकरीसाठी गेटचा भूविज्ञानाचा पेपर द्याच, पण त्याच्या तयारीत प्रयोगशाळा सोडू नका. आणि पूड टीओसीला देण्याआधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, नाहीतर खडकातल्या चुन्याचा कार्बनही आकड्यात धरला जातो. पूड फसफसायची थांबेपर्यंत घाई नको; माझी पहिली बॅच त्यातच वाया गेली.