चित्रकोशातून वास्तुकलेचे शब्द कसे शिकावेत

साध्या शब्दकोशात 'स्पँड्रेल' बघितलात तर तीन ओळींची व्याख्या मिळते आणि डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. चित्रकोशात कमान काढलेली असते, तिच्या खांद्याशी उरलेल्या तिकोनी जागेकडे बाण आणि बाणाशेजारी नाव. एकदा पाहिलं की विसरायला होत नाही. शिवाय मुंबईत राहत असाल तर पुस्तकातलं चित्र खऱ्या दगडाशी ताडून बघायला लोकलचं तिकीट पुरतं.

पुस्तक विषयवार लावलेलं घ्या. वर्णानुक्रमाचं पुस्तक शब्द शोधायला बरं, शिकायला नाही. फ्रान्सिस चिंग यांचा १९९५ साली आलेला इंग्रजी चित्रकोश विषयवार आहे, त्यात कमानीचं सगळं एका जागी सापडतं. जुनी आवृत्तीही चालेल. कमानीचे भाग काही बदललेले नाहीत.

आधी प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन हे तीन शब्द पक्के करा, नाहीतर पुढची चित्रं वाचताच येणार नाहीत. घर वरून आडवं कापून खाली पाहिलं की प्लॅन, समोरून पाहिलं की एलिव्हेशन. पपई उभी चिरल्यावर आतल्या बिया दिसतात, तसं घर उभं चिरलं की सेक्शन.

मग स्वतःच्या घराच्या दारापाशी उभे राहा. पुस्तकातलं दाराचं पान उघडा आणि प्रत्येक बाणापुढे पेन्सिलीनं आपला शब्द लिहा: चौकट, उंबरठा, झडप, बिजागरी, कडी. हे मी फार आग्रहानं सांगतो. उंबरठ्यावर माप ओलांडलेल्या घरात 'थ्रेशोल्ड' पाठ करावा लागत नाही, तो आधीच ठाऊक असतो. दारावरच्या आडव्या तुळईला जिथे गवंडीच 'लिंटल' म्हणतो तिथे 'लिंटल' लिहा. ओढूनताणून संस्कृत शब्द घडवू नका.

आता बाहेर पडा. एका वेळी एक पान, एक इमारत, सात-आठ शब्द.

कमानीच्या पानासाठी सीएसएमटी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिलेली ही इमारत म्हणजे उघडं पडलेलं पाठ्यपुस्तकच आहे. कमानीचे दगड पाचरीसारखे निमुळते असतात, म्हणून ते खाली निसटत नाहीत. एकमेकांना दाबत भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर नेतात. गोल कमानीच्या माथ्यावर मधोमध बसतो तो कळीचा दगड. टोकदार कमानीत पुष्कळदा तो नसतोच, टोकाशी नुसता सांधा असतो. हा फरक चित्रात आधी पाहिला असेल तरच इथे नजरेला पडतो. भिंतीतून पुढे झेपावलेले प्राणी दिसतील, त्यातले गार्गॉयल म्हणजे पावसाचं पाणी भिंतीपासून दूर टाकणारी पन्हळ. देवळातलं गोमुख आठवा, काम तेच. जमलं तर जुलैत जा.

खांबांसाठी १८३३ सालचा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाची इमारत. पायऱ्यांवर बसून खांबांचे माथे पाहा: साधी गादी असेल तर डोरिक. गुंडाळ्या असतील तर आयोनिक, पानं असतील तर कॉरिंथियन. छज्जे बघायला मरीन ड्राइव्ह. तिथल्या आर्ट डेको या शैलीतल्या घरांना खिडक्यांवरून कोपऱ्याला वळसा घालत जाणारे पट्टे आहेत. ऊन आणि तिरका पाऊस अडवायला ते आहेत.

रात्री पुस्तक मिटून ती कमान आठवणीतून वहीत काढा आणि नावं लिहा. चित्र वेडंवाकडं आलं तरी हरकत नाही. जे नाव सुटेल, त्याचं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा.

महिन्याभरानं एक परीक्षा घ्या. मित्राला फोन करून एखाद्या इमारतीचा दर्शनी भाग सांगा, तिचं नाव न घेता, आणि त्याला ऐकता ऐकता काढायला लावा. 'ते वरचं गोल गोल' असं म्हणावं लागलं, तर ते पान अजून व्हायचंय.